मास्तरांची हिरवी बरणी

मास्तरांचा आकडा अठ्ठावीस आला, तेव्हा त्यांना आधी वाटलं, शंभरपैकी असेल, म्हणजे आपण नापास. मग कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की या परीक्षेत जितके कमी मिळतील तितकं बरं, आणि अठ्ठावीस म्हणजे फारच अभ्यास झालाय.

परीक्षा रक्तातल्या शिशाची होती. आणि मास्तर काही शाळेतले मास्तर नव्हते. जुन्या इमारतींच्या फुटक्या लाद्या जशाच्या तशा नव्यानं घडवून देणारा एक छोटा कारखाना होता, तिथे ते झिलई चढवायचे. भाजलेल्या मातीवर काचेसारखा चकचकीत थर असतो ना, तो. शंभर वर्षांपूर्वीची लादी हवी तर झिलईही शंभर वर्षांपूर्वीचीच लागते, आणि तिच्यात शिसं असतं. शिशाशिवाय तो खोल, ओलसर हिरवा रंग उतरत नाही, असं मास्तरांचं ठाम मत. या मतावर त्यांनी चाळीस वर्षं काढली होती आणि हाताखाली इतकी माणसं तयार केली होती की सगळे त्यांना मास्तरच म्हणत; खरं नाव त्यांच्या बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागे.

"मास्क लावता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"लावतो की."

"नाकावर, की गळ्यात?"

मास्तर छताकडे बघायला लागले. पुढे चौकशीत असंही निघालं की झिलईच्या खोलीतच त्यांचा बिस्किटांचा डबा असतो, आणि हात ते धुतात, पण बिस्किटं खाऊन झाल्यावर.

इथवर हसण्यावारी गेलं असतं. पण लेकीला कळलं.

मास्तरांची एकुलती एक लेक गणित शिकवायची आणि घरातही फळ्यासमोर उभी असल्यासारखीच बोलायची. तिला नुकतीच मुलगी झाली होती. तीन महिन्यांची, गोलमटोल, गालांच्या ओझ्यानं मान कलणारी. मास्तरांनी तिचं नाव परस्पर ठमी ठेवून टाकलं होतं. जन्मली त्या दिवशी त्यांनी तिला जेमतेम मिनिटभर घेतलं होतं, आणि ते मिनिट त्यांनी कारखान्यात इतक्यांदा सांगितलं होतं की आता त्याचा तास झाला होता. लेकीनं डॉक्टरीणबाईंना फोन केला, सगळं विचारून घेतलं आणि निकाल दिला.

"बाबा, आकडा दहाच्या आत येईपर्यंत ठमीला घ्यायचं नाही."

"अगं, रक्तातलं शिसं काय मांडीतून तिच्यात उतरतं?"

"नाही उतरत. डॉक्टरांनी तेच सांगितलं. पण कपड्यांवरची, नखांतली पूड तिच्या तोंडात जाते. तुम्ही हात धुता की नाही, हे मला इथून दिसत नाही. आकडा मात्र दिसतो. हात धुतलेत, कपडे बदललेत, तर तो उतरेल. साधं गणित आहे."

"माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

"बिस्किटांचा डबा कुठे होता, बाबा?"

आयुष्यात पहिल्यांदाच मास्तरांनी मनापासून नियम पाळायला घेतले. बिस्किटांचा डबा हद्दपार झाला. मास्क नाकावर चढला. कामाचे कपडे कारखान्यातच उतरायचे, तिथेच अंघोळ, घरी आल्यावर पुन्हा अंघोळ. हात तर ते कोपरापर्यंत इतके घासायचे की शेजारच्या टेबलावरचा रंगारी म्हणाला, "मास्तर, कातडं तेवढं ठेवा." मालकांनीही त्यांना झिलईच्या खोलीतून काढून तयार लाद्या तपासायला बसवलं. मास्तरांना ते हलवायाला मिठाई नुसती बघायला बसवल्यासारखं वाटलं. पण ठमीसाठी तेही सोसलं.

घरची आघाडी बायकोनं सांभाळली. मास्तरीणबाईंना आजारपणापेक्षा उपायात जास्त रस. मासिकातल्या एका पानाचं कात्रण त्यांनी फ्रिजवर चिकटवलं आणि रोज येताजाता त्याचं पारायण चालू केलं.

"अहो, ऐका. शिसं शरीरात गेलं ना, की आतमध्ये गंज चढल्यासारखं होतं. आणि हे अँटिऑक्सिडंट असतात ना, ते त्या गंजाशी भांडतात."

"कुठे मिळतात?"

"संत्र्यात, लिंबात, टोमॅटोत, लसणीत."

"मग आपल्या घरात आहेतच की सगळे."

"आहेत, पण तुमच्या पोटात नाहीत. तुमच्या पोटात बिस्किटं आहेत."

डॉक्टरीणबाईंनाही विचारून झालं. त्या म्हणाल्या, "फळं-भाज्या खा, चांगलंच आहे. शिशामुळे पेशींवर ताण येतो, तो कमी व्हायला मदत होत असावी, असं काही अभ्यासांत दिसलंय. पण आधी शिसं आत येण्याचं दार बंद करा. दार उघडं ठेवून झाडू मारत बसलात तर काय उपयोग?" मास्तरीणबाईंनी यातलं 'चांगलंच आहे' एवढं घरी आणलं.

रोज संध्याकाळी त्या चार संत्री, दोन लिंबं आणि दोन टोमॅटो पिळायच्या, वर लसणीच्या दोन पाकळ्या ठेचून घालायच्या. सकाळी घाई असते म्हणून रस रात्रभर मुरत ठेवायचा आणि पहाटे मास्तरांना मोठा पेला भरून द्यायचा. चवीबद्दल बोलायचं तर पहिल्या दिवशी मास्तरांनी एक घोट घेतला आणि पुढची दोन मिनिटं एकच डोळा उघडा ठेवून काढली.

प्रश्न आला तो रस ठेवायचा कशात. मास्तरीणबाईंनी स्टीलचं पातेलं काढलं आणि परत ठेवलं. "अंगातला धातू काढायचा आणि औषध ठेवायचं धातूच्या भांड्यात? शोभतं का?"

काचेचं भांडं माळ्यावर होतं, पण तेवढ्यात मास्तर उठले. दिवाणखान्याच्या फळीवरून त्यांनी हिरवी बरणी उतरवली.

ती बरणी म्हणजे मास्तरांचा दागिना. एकतीस वर्षांपूर्वी, लेक जन्मली त्याच आठवड्यात भट्टीतून निघालेली. इतका हिरवा रंग त्यांच्या हातून ना आधी उतरला, ना नंतर. पाहुणे आले की मास्तर बोलता बोलता फळीच्या बाजूला सरकायचे आणि कुणीतरी विचारेपर्यंत तिथेच घुटमळायचे.

"हिच्यात ठेव," ते म्हणाले. "मातीची आहे. धातूचा स्पर्श नाही."

"अहो, पण ही शोभेची ना?"

"बाकीची असतात शोभेची. ही माझी आहे."

आता यातली गंमत अशी. कारखान्यातून शिशाच्या झिलईचं एखादं भांडं विकलं गेलंच, तर त्याच्या बुडाला 'शोभेसाठी' असा शिक्का मारायची रीत होती. आंबट पदार्थ ठेवला तर झिलईतलं शिसं सुटून त्यात उतरू शकतं, म्हणून. ही रीत घातली कुणी? मास्तरांनी. वीस वर्षं तो शिक्का मारला कुणी? मास्तरांनी. पण बरणी शिक्क्याच्या आधीची होती, आणि शिवाय मास्तरांचा आपला एक सिद्धांत होता. कच्ची भाजलेली झिलई शिसं सोडते, पक्की भाजलेली सोडत नाही, तिच्यात शिसं कुलपात असतं. आणि पक्की भाजलेली कुठली? तर जी मास्तरांनी भाजली ती. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे माणसांपुरतंच असतं असं नाही, भांड्यांनाही लागू पडतं.

दोन महिन्यांनी दुसरी तपासणी झाली. आकडा आला तेहतीस.

मास्तरांना वाटलं, कागद दुसऱ्या कुणाचा असेल. लेक फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा, डबा परत आलाय का?"

"अगं, शपथ घेऊन सांगतो..."

"शपथा नकोत. आकडा खोटं बोलत नाही."

मास्तरीणबाईंनी हार मानली नाही. चारची सहा संत्री झाली, दोनाची तीन लिंबं. मास्तर आता नाक दाबून दोन पेले प्यायचे. नखं इतकी कापली की शर्टाची बटणं बायकोकडून लावून घ्यावी लागायची. डॉक्टरीणबाईंनी घरच्या माहितीचा फॉर्म भरायला दिला. त्यात एक प्रश्न होता : 'झिलई उडालेली, तडे गेलेली किंवा शिशाच्या झिलईची भांडी खाण्यापिण्यासाठी वापरता का?' मास्तरांना 'उडालेली' आणि 'तडे गेलेली' एवढंच दिसलं आणि झोंबलं. त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'आमच्या घरात तसली भांडी नसतात,' आणि खाली सहीसुद्धा ठोकली. तिथे सही मागितलेली नव्हती.

आणखी दोन महिन्यांनी आकडा आला एकोणचाळीस.

त्या दिवशी मास्तर कारखान्याच्या आवारातल्या बाकावर बराच वेळ बसून राहिले. माणूस खोटं बोलून पकडला गेला तर त्याला निदान आपण खोटं बोललो हे तरी माहीत असतं. मास्तर खरं बोलून पकडले गेले होते. डोकं दुखायचं, सांधे कुरकुरायचे, तेही एक वेळ चाललं असतं. पण दर रविवारी ठमी यायची, आणि ते चालत नव्हतं. ते खोलीच्या एका टोकाला, ठमी दुसऱ्या टोकाला. मधे सतरंजी. मास्तर चमचा वाजवायचे, कानामागून रुमाल काढायचे, गाल फुगवून आवाज काढायचे. ठमी दोन्ही हात पुढे करून त्यांच्याकडे झेपावायची आणि लेक तिला मागे ओढायची. झेपावणारं पोर आपल्याकडेच येतंय हे दिसत असताना स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसायचं, हे मास्तरांना एकोणचाळीसपेक्षा जड जायचं.

त्याच आठवड्यातल्या रविवारी ठमी पुन्हा आली. आता ती सात महिन्यांची झाली होती आणि फळांची चव घ्यायला लागली होती. मास्तरीणबाईंना याचा कोण आनंद!

"आज लसूण नाही घातली हं रसात, मुद्दाम. ठमीला चमचाभर देऊ. तिलाही मिळू देत थोडे अँटिऑक्सिडंट."

"दे चमचाभर," लेक म्हणाली. "चाटून बघेल."

मास्तरीणबाईंचे हात कणकेत होते. त्या म्हणाल्या, "अहो, तेवढा रस काढता का तिच्या वाटीत? हात धुवून हं."

मास्तरांनी हात धुतले. कोपरापर्यंत. ठमीला हातात घेता येत नव्हतं, पण तिचा पहिला रस आपल्या हातानं वाटीत पडणार, तोही आपल्या बरणीतून, हे काय कमी होतं? छाती फुगवून त्यांनी लाकडी डाव घेतला. रस तळाशी उरला होता, म्हणून त्यांनी बरणी खिडकीकडे तिरकी केली.

उन्हाची तिरीप आत गेली.

गळ्यापाशी बरणी हिरवीगार चमकत होती. खाली, जिथवर रोज रस भरायचा, तिथे एक रेघ होती. रेघेखाली चमक नव्हती. काच घासून घासून मुकी व्हावी तसा तो भाग दिसत होता.

मास्तरांनी अंगठा आत घातला. या अंगठ्यानं चाळीस वर्षं झिलई तपासली होती. डोळे फसायचे, तो फसायचा नाही. रेघेच्या वर अंगठा घसरला. रेघेखाली तो अडखळला. मास्तरांनी पुन्हा फिरवून पाहिला. पुन्हा अडखळला.

चार महिने आंबट रस ही झिलई रात्रभर खात होता, आणि सकाळी मास्तर तो रस पीत होते. वर बायकोला म्हणत होते, आज जरा जास्तच दे.

समोर ओट्यावर ठमीची चांदणीचं चित्र असलेली वाटी होती आणि वाटीत इवलासा चमचा.

मास्तरांनी ती दूर सरकवली. आणि लाज वाटते, पण सांगायलाच हवं, की त्यापाठोपाठ त्यांच्या मनात एक अतिशय सोयीस्कर विचार आला. खाली फरशी होती. बरणी जड होती. हातातून निसटली असती तर? लोक हळहळले असते. मास्तरांची लाडकी बरणी गेली, म्हणाले असते. उद्यापासून रस काचेच्या भांड्यात मुरला असता, आकडा आपोआप उतरला असता, आणि वीस वर्षं दुसऱ्यांच्या भांड्यांवर शिक्के मारणाऱ्या माणसानं स्वतःच्या घरात काय केलं, हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. मास्तरांची बोटं सैल व्हायला लागली.

"आणि उरलेला माझ्या कपात ओता," मास्तरीणबाई कणीक मळता मळता म्हणाल्या. "रोजच्यासारखा."

"रोजच्यासारखा?"

"मग काय ओतून देऊ? तुमचं पिऊन झालं की तळाचं मीच पिते. पहिल्या दिवसापासून. चांगलं अन्न कशाला टाकायचं?"

मास्तरांनी बरणी घट्ट धरली. इतकी घट्ट की बोटं पांढरी पडली. बायको कधी कारखान्याची पायरी चढली नव्हती. तिचं रक्त कुणी तपासलं नव्हतं. बरणी फुटली असती तर कधी तपासलं गेलंही नसतं.

त्यांनी बरणी ओट्यावर ठेवली, ठमीची वाटी उचलून आपल्या पाठीमागे धरली आणि म्हणाले, "कुणीही हा रस प्यायचा नाही. हिच्यात शिसं आहे. माझ्या झिलईतलं. रसात उतरलंय. चार महिने उतरतंय. चूक माझी आहे."

मास्तरीणबाई कणीक सोडून बघत राहिल्या. ठमीसुद्धा बघत राहिली.

"पण तुम्ही तर म्हणालात, कुलपात असतं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"म्हणालो होतो."

"शिक्का तुम्हीच मारता ना सगळ्या भांड्यांवर?"

"मीच मारतो."

"आणि मी येडी रोज सहा संत्री पिळतेय!" मास्तरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायला गेल्या तर कणीक लागली कपाळाला. "मनगटं गेली माझी! हा माणूस बरा व्हावा म्हणून मी पिळतेय, आणि स्वतःच्या हातानं त्याला... अहो, एक शब्द बोलायचा होतात!"

"घमेंड होती गं," मास्तर म्हणाले. "वाटलं, माझं भांडं असं करणार नाही." त्यांनी बरणी आणखी मागे सरकवली. "तू प्यायलीस, हे मला माहीत नव्हतं. उद्याच्या उद्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. आधी तुझं रक्त."

ठमीला आजीजवळ सतरंजीवर बसवून लेक ओट्यापाशी आली. तिनं बरणी खिडकीकडे तिरकी केली, आत बोट फिरवलं, रस मोरीत ओतून दिला आणि हात साबणानं धुतले. मास्तर शिक्षा ऐकायला उभे राहिले. आता दहाचे पाच होणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. कदाचित रविवारही बंद.

"बरणीत रस कधीपासून ठेवताय?" लेकीनं विचारलं.

"पहिली तपासणी झाली त्याच आठवड्यापासून."

"म्हणजे अठ्ठावीस बरणीच्या आधीचा. तो बिस्किटांचा."

"हो."

"आणि तेहतीस, एकोणचाळीस बरणीनंतरचे."

"हो गं बाई. तुझं गणित बरोबर आहे, माझंच चुकलं."

"नाही," लेक म्हणाली. वर्गात फळ्यावर स्वतःचीच चूक सापडली की शिक्षकाचा चेहरा होतो, तसा तिचा झाला होता. "माझं चुकलं. तुम्ही हात धूत होता."

मास्तरांनी मान वर केली.

"कपडेही बदलत होता. दोनदा अंघोळ करत होता. चार महिने सांगत होता, आणि मी डब्याचं विचारत होते." तिनं नाक ओढलं. "बाबा, आकडा खरं बोलत होता. पण तुम्हीही बोलत होता."

मास्तरांनी नळ सोडला आणि पुन्हा हात धुवायला घेतले, कारण चार महिन्यांत हातांना तीच सवय लागली होती. साबण, कोपरापर्यंत, नखांत ब्रश. पुसून वळले तर लेक ठमीला कडेवर घेऊन समोर उभी.

"बसा," ती म्हणाली.

मास्तर सतरंजीवर बसले. ठमी त्यांच्या मांडीत आली, आणि चांगलीच जड होती. चार महिने जिच्याकडे लांबून बघितलं, तिचं वजन किती असेल याचा त्यांना अंदाजच नव्हता. तिनं आधी त्यांचा कान ओढला, मग चष्मा. मास्तर हसत होते आणि डोळे गळत होते, दोन्ही एकदमच.

"उद्या कारखान्यातून तो शिक्का घेऊन या," ओट्यापाशी मास्तरीणबाई बरणी उपडी घालता घालता म्हणाल्या. "हिच्या बुडाला मारा. मग तुमच्या कपाळावर मारते मी."

"मार," मास्तर म्हणाले. "आणि संत्री?"

"संत्री नुसती सोलून खायची. माझी मनगटं आता काही पिळणार नाहीत."

तेवढ्यात ठमीला मास्तरांचा अंगठा सापडला. तिनं तो दोन्ही मुठींत धरला, नीट निरखला आणि सरळ तोंडात घातला.

मास्तर थिजले. अंगठा ओढून घ्यावा तर पोर रडेल, न घ्यावा तर... त्यांनी घाबरून लेकीकडे पाहिलं.

"आत्ताच धुतलाय गं," ते म्हणाले. "खरंच धुतलाय."

"माहीत आहे, बाबा," लेक म्हणाली.